उत्तरेकडील उजेड

रंगभूमीला आकाश कधींच नीट जमलेलें नाहीं. राजवाडा जमतो, कारण राजवाडा हा मूळचाच कांहींसा नाटकी असतो. रान जमतें, कारण चार फांद्या पुढें बांधल्या म्हणजे उरलेलें रान प्रेक्षक आपल्या पदरचें घालतो. पण आकाश दाखवावयाचें म्हणजे जी वस्तु नाहींच ती दाखवावयाची. आमच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांनीं यावर सोपी तोड काढली होती. वरून निळ्या कापडाच्या झालरी सोडल्या, कीं त्यांस आकाश म्हणावयाचें आणि प्रेक्षकांनीं तें निमूटपणें मान्य करावयाचें, असा उभयतांत एक सभ्य करार होता. त्या कराराला आम्ही अजूनहि मनांतून मान देतों. परंतु आकाशच जेव्हां नाटकांतील एक पात्र होऊन येतें, तेव्हां झालरींनीं भागत नाहीं. आणि असा प्रसंग गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळावर आला.

विद्यार्थ्यांनीं निवडलेलें नाटक अमेरिकेंतील. जॉन कॅरियानी यांचें 'ऑलमोस्ट, मेन' हें नाटक २००४ सालीं मेन संस्थानांतील पोर्टलंड येथें प्रथम रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून तिकडील शाळा-महाविद्यालयांतून त्याचे प्रयोग सारखे होत असतात. अमेरिकेच्या ईशान्य टोंकाला, जवळजवळ कॅनडाच्या सरहद्दीवर, नकाशांत नसलेलें एक गांव लेखकानें कल्पिलें आहे. हिवाळ्यांतील एका शुक्रवारीं रात्रीं नऊ वाजतां त्या गांवांत ठिकठिकाणीं काय घडलें, तें लहान लहान प्रवेशांतून दाखविलें आहे. आणि त्या साऱ्या प्रवेशांवर छत एकच, तें ध्रुवप्रकाशाचें. मुलांनीं त्यांतील एकच प्रवेश मराठींत उतरविला. ग्लोरी नांवाची एक तरुण विधवा एका अनोळखी माणसाच्या अंगणांत तंबू ठोकते. तिची समजूत अशी, कीं नुकतेंच वारलेलें माणूस स्वर्गाची वाट शोधतांना हातांत मशाल घेऊन जातें, ती वाट तीन दिवसांची असते, आणि उत्तरेकडे दिसणारा हा प्रकाश म्हणजे त्या मशालींचा उजेड. नवऱ्याला जाऊन आज तिसरा दिवस. तो आज या वाटेनें जाईल, आणि त्याचा निरोप घ्यावयास ती आली आहे.

येथें दिवा ही सजावट नव्हे हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. तो उजेड म्हणजे तिचा नवरा. तो खोटा वाटला तर सबंध प्रवेश हास्यास्पद होतो; आणि तो फार सुंदर झाला तर प्रेक्षक नवऱ्यास विसरून दिव्यांस टाळ्या देतात, हें त्याहून वाईट.

आमच्या एका सहकाऱ्यांनीं सुचविलें, 'मेन कशाला हवें? महाबळेश्वर करा, आणि प्रकाशाऐवजीं धुकें घ्या.' आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें, कीं धुक्यांतून कोणी मशाल घेऊन निघाला तर तो वाट चुकेल. परक्या देशाची कथा उचलून तिला आपल्याकडील धोतर नेसविण्याची आमच्या रंगभूमीची संवय जुनी आहे. पण येथें स्थळ बदललें कीं आकाश बदलतें आणि आकाश बदललें कीं कथाच उरत नाहीं. मेन तें मेनच राहिलें.

तरीपण या प्रकाशाचा आणि आमच्या मुलखाचा संबंधच नाहीं असें मात्र नव्हे. ४ फेब्रुवारी १८७२ रोजीं सूर्यावरील उत्पातानें पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत जें प्रचंड वादळ उठलें, त्या वेळीं खुद्द मुंबईंत ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्याच्याहि आधीं, सप्टेंबर १८५९ मधील अशाच वादळाचा झटका कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय उपकरणानें टिपून ठेवला, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारांना ती नोंद आजहि धुंडाळावी लागते. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असें ठरलें, तेव्हां उपकरणांत व्यत्यय येऊं नये म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. शहरांत वीज शिरली आणि आकाशांतील विजेचा हिशेब ठेवणारा कारकून समुद्रापलीकडे गेला, असेंच म्हणावयाचें! मे २०२४ मधील वादळांत लडाखमधील हानले येथून क्षितिजालगतची तांबडी प्रभा छायाचित्रांत आली, हें तर अनेकांच्या स्मरणांत असेल.

ती प्रभा तांबडीच कां दिसली, याचें उत्तर ज्याला ठाऊक नाहीं त्यानें रंगमंचावर ध्रुवप्रकाश करण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें मत आहे. सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांमुळें पृथ्वीभोंवतालचें चुंबकीय क्षेत्र खवळतें, आणि त्या क्षेत्राच्या रेषांवरून वेगानें उतरणारे इलेक्ट्रॉन वरच्या विरळ हवेंतील अणूंवर आदळतात. शंभर ते दीडशें किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा अणु हिरवा उजेड देतो. दोनशें किलोमीटरच्या वर तोच अणु तांबडा उजेड देतो. अगदीं खालच्या किनारीला कधीं कधीं नायट्रोजनची जांभळट-गुलाबी कड असते. लडाख इतक्या दक्षिणेस आहे, कीं तेथून त्या पडद्याचा केवळ वरचा शेंडा क्षितिजावर डोकावला, आणि शेंडा तांबडा असतो. यांत आणखी एक मौज आहे. हिरव्या उजेडासाठीं धक्का खाल्लेला अणु पाऊण सेकंदाच्या आंतच उजळून मोकळा होतो. तांबड्यासाठीं मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटें लागतात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणी धक्का न मारणारी निवांत जागा फार उंचावरच मिळते. म्हणून हिरवा चपळ आणि तांबडा आळशी. दिव्यांची कळ ज्याच्या हातीं आहे त्याला हें एक वाक्य पाठ असलें तरी पुरें.

ध्रुवप्रकाशाचा पहिला प्रयोग नाट्यगृहांत नव्हे, प्रयोगशाळेंत झाला. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन बिर्केलँड यांनीं हवा काढून घेतलेल्या पेटींत एक चुंबकित गोळा टांगला, तीच आपली पृथ्वी. आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतांच गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोंवतीं उजेडाचीं कडीं उमटलीं. उत्तरेच्या डोंगरांवर थंडीवाऱ्यांत वेधशाळा घालून बसलेला हा मनुष्य शेवटीं आकाश पेटींत घालून लोकांस दाखवूं लागला. त्याला नाटकवाला म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

नॉर्वेचें नाटक आमच्याकडे फार पूर्वींच आलें. ब्यर्नसन यांच्या नाटकावरून सिद्ध झालेली 'आंधळ्यांची शाळा' १९३३ सालीं रंगभूमीवर आली, आणि तिच्याबरोबर खराखुरा दिवाणखाना आला. खिडकीबाहेरचें आकाश मात्र तिकडेच राहिलें. तें पाहण्यासाठीं फेब्रुवारी २०१९ मध्यें आम्हीं नॉर्वेच्या ट्रोम्सो गांवीं चार रात्री काढल्या. तीन रात्री ढगांत गेल्या. चौथ्या रात्रीं एका गोठलेल्या तळ्याकांठीं गाडीवाल्यानें बोट दाखविलें, तेव्हां डोंगरामागून राखेचा एक फिकट पट्टा वर आलेला दिसला. चुलींतील धूर म्हणावा तर धूर, ढग म्हणावा तर ढग. शेजारच्या प्रवाशांनीं आपापले कॅमेरे पुढें केले, तों त्यांत तोच पट्टा हिरवागार! मंद उजेडांत मनुष्याचा डोळा रंग ओळखीत नाहीं, काच मात्र सेकंदामागून सेकंद उजेड सांठवीत राहते. अर्ध्या तासानें पट्टा उजळला, त्याच्या उभ्या चुण्या दिसूं लागल्या, आणि मग आमच्या डोळ्यांसहि हिरवा रंग लागला. त्याच्यामधून तारे स्वच्छ दिसत होते, ही गोष्ट कोणत्याहि चित्रानें आम्हांस आधीं सांगितली नव्हती. आणि कसलाहि आवाज नव्हता.

तेव्हां प्रश्न असा पडला, कीं नाटकांत दाखवावयाचें तें काय? आकाश कीं आकाशाचें छायाचित्र? आमच्या प्रेक्षकांपैकीं शेंकडा नव्वदांनीं छायाचित्रच पाहिलेलें. त्यांना राखेचा पट्टा दाखविला तर दिवे बिघडले असें ते म्हणतील. शहरांतील एका दुकानदारानें मोठा विजेचा पडदा व त्यावर चालणारी तयार चित्रफीत भाड्यानें देऊं केली, आणि मुलांचा ओढा साहजिकच तिकडे होता. आम्ही ती चित्रफीत पाहावयास गेलों. तासाभराचा प्रकाश मिनिटभरांत कोंबलेला; स्वर्गाच्या वाटेवर शांतपणें चालणारा मनुष्य गाडी चुकेल म्हणून धांवत सुटावा तसा तो दिसला. शिवाय त्या पडद्याचा उजेड समोरच्या नटांवर असा पडे, कीं जणुं दोघेंजण दूरदर्शनसमोर बसलीं आहेत. दुकानदार मात्र प्रामाणिकपणें म्हणाला, 'सर, लग्नांत हेंच चालतें.' तें खरें असेल. आम्हीं पडदा घेतला नाहीं.

रेशमाची कल्पना आमच्या दिवेवाल्या काकांची. चाळीस वर्षें फिरत्या नाटकांचे दिवे सांभाळलेला हा गृहस्थ. मुलें त्यांना काका म्हणतात, आम्हीहि म्हणतों. मात्र त्यांच्याआधीं या वाटेनें मोठमोठीं माणसें गेलीं आहेत. लोई फुलर या अमेरिकन नर्तकीनें १८९२ सालीं पॅरिसच्या फोली बेर्जेरमध्यें आपलें नृत्य दाखविलें, तेव्हां प्रेक्षकांना बाई दिसल्याच नाहींत. दिसलें तें काठ्यांच्या आधारानें उंच फेंकलेलें वारभर-वारभर रेशीम आणि त्यावर निरनिराळ्या बाजूंनीं, प्रसंगीं कांचेच्या जमिनीखालून, आलेला रंगीत उजेड. व्हेनिसच्या मारियानो फोर्तुनी यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दिवा सरळ रंगमंचावर न टाकतां रंगीत रेशमावर टाकून तेथून परतलेला मऊ उजेड वापरण्याची रीत काढली. उजेडाला स्वतःचें अंग नसतें. त्याला उसनें अंग द्यावयाचें तर रेशमाइतकें हलकें दुसरें कांहीं सांपडत नाहीं.

काकांनीं अगदीं मागें काळा पडदा ठेवला आणि त्यांत बारीक दिव्यांचे तारे ओंविले. त्याच्यापुढें तलम पांढऱ्या रेशमाच्या तीन लांब पट्ट्या, सरळ न टांगतां नागमोडी, परकराच्या घड्यांसारख्या उभ्या चुण्या पाडून सोडल्या. त्यांच्यापुढें सबंध रंगमंचभर काळी जाळी. दिवे खालीं, जमिनीशीं, एका काळ्या पट्टीआड. दिवा खालीं ठेवण्यांत सारी खुबी आहे. खालची किनार ठसठशीत उजळते आणि वर जातां जातां उजेड आपोआप विरतो, अगदीं आकाशांतल्यासारखा. आणि रेशीम तलम असल्यामुळें मागचे तारे त्याच्यांतून दिसत राहतात. तारे दिसले त्या दिवशीं आमचा निम्मा विरोध मावळला, असें भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षांतील एक विद्यार्थी मागाहून म्हणाला. पण आमचा विरोध रेशमाला कधींच नव्हता, पडद्याला होता.

रंगावर मात्र दोन दिवस वाद झाला. नव्या एल.ई.डी. दिव्यांतील हिरवा लावला, तों काका मान हलवूं लागले. 'सर, तुम्ही सांगतां तो कोंवळ्या भाताचा हिरवा. हा तर मोराच्या मानेचा झाला.' आमचा भौतिकशास्त्रवाला कागद घेऊन बसला आणि थोड्या वेळानें म्हणाला, 'काका बरोबर सांगतात, सर. दिव्याचा हिरवा सुमारें ५२५ नॅनोमीटरचा आहे, ऑक्सिजनचा ५५७.७ चा. आपला निळ्याकडे झुकतो.' मग हिरव्यांत किंचित पिवळा-नारिंगी मिसळला, आणि भात आला. ट्रोम्सोस न गेलेल्या मनुष्यानें केवळ आमच्या वर्णनावरून रंगाची ही चूक धरावी, यास काय म्हणावें?

हालचालीसाठीं पंखा लावण्याचा बेत काकांनींच हाणून पाडला; पंख्यानें रेशीम झेंड्यासारखें फडफडतें, आणि ध्रुवप्रकाश फडफडत नाहीं, तो सरकतो. विंगेंतल्या एका मुलाच्या हातीं काळा दोरा दिला आणि त्याला सांगितलें, कीं श्वास घेशील त्या गतीनें ओढ. उजेड एका टोंकाच्या दिव्यापासून दुसऱ्या टोंकाच्या दिव्यापर्यंत हळूहळू चालत जाई. शेवटच्या क्षणीं जे उभे झोत उसळावयाचे, ते वांकविलेल्या आरशासारख्या पत्र्यावरून उडविले. तो पत्रा दोन बोटांनीं दाबला, कीं उजेडाचे लांब भाले वर जात. (पाण्याची परात मुलांनीं आधीं करून पाहिली होती. तिनें आकाश न होतां विहीर झाली.) संगीताची मागणी आली, ती आम्हीं नाकारली. उत्तरेकडील सामी लोक या प्रकाशाखालीं शीळ घालूं देत नाहींत अशी समजूत आहे. तेव्हां तेथें व्हायोलिन वाजविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

रंगीत तालमीस कांहीं विद्यार्थी प्रेक्षक म्हणून बसले होते. रेशीम उजळलें, तशा त्यांनीं टाळ्या वाजविल्या. मुलें खूष झालीं. आम्ही काकांकडे पाहिलें आणि काकांनीं कांहीं न बोलतां उजेड निम्म्यावर आणला. दुसऱ्या खेपेस त्याहून खालीं. त्याच्या मोबदल्यांत प्रेक्षागृहांतील दिवे प्रयोगापूर्वीं दहा मिनिटें मंद करून ठेवावयाचें ठरलें, म्हणजे डोळ्यांना अंधाराची ओळख पटते आणि थोड्या उजेडाची किंमत वाढते. आरंभ राखेच्या रंगानें करावयाचा, हिरवा मागाहून आणावयाचा, असेंहि ठरलें. राख पाहून कुजबुज झाली तर होऊं द्यावी.

मशालींच्या त्या कल्पनेनें आमचे प्रेक्षक बिचकतील अशी धास्ती मुलांना होती. आम्हांस ती मुळींच नव्हती. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. दिवाळींत पितरांना वाट दिसावी म्हणून हातांत चुडी धरून उल्कादान करण्याचें शास्त्रांत सांगितलें आहे, आणि घरोघर लागणारा आकाशकंदील ज्या आकाशदिव्याच्या कुळांतला आहे तोहि त्यांच्याचसाठीं. फरक इतकाच, कीं मेनमध्यें मशाल जाणाराच्या हातीं आहे, आपल्याकडे ती मागें राहिलेल्यांच्या हातीं. पाश्चात्त्य भाषांत या प्रकाशाला ऑरोरा म्हणतात, आणि ऑरोरा ही रोमन लोकांची उषा. लोकमान्य टिळकांनीं पुण्यांत बसून ऋग्वेदांतील उषेच्या सूक्तांत ध्रुवाकडील दिवसचे दिवस लांबणारी पहाट पाहिली आणि १९०३ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धांत विद्वानांनीं स्वीकारला नाहीं. पण उत्तरेकडील उजेड आपल्याला अगदींच परका आहे असें त्यांना वाटलें नाहीं, एवढें तरी आमच्या बाजूनें धरावयास हरकत नाहीं.

आणखी एक पेंच होता. आकाश मागें, प्रेक्षक पुढें. ग्लोरीनें पाहावयाचें कोणाकडे? रीत अशी, कीं नटीनें प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पाहावें आणि चेहऱ्यावर थोडा हिरवा उजेड घ्यावा. चेहरा दिसतो, रडणें दिसतें, सर्वांची सोय होते. ग्लोरीचें काम करणारी मुलगी मात्र म्हणाली, 'सर, मी पाठ फिरवूं का? मला तोंड दाखवायचें नाहीं.' पाठमोऱ्या नटीचें दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत नाहीं, असें दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थ्याचें म्हणणें, आणि तें शास्त्राला धरून होतें. निर्णय आमच्यावर आला. त्या मुलीचे वडील २०२१ सालच्या साथींत गेले, हें आम्हांस ठाऊक होतें. त्या दिवसांत रुग्णालयाच्या दारांतून पुढें कोणास जाऊं देत नसत, हेंहि वाचकांस सांगावयास नको. आम्हीं तिला पाठ फिरवूं दिली. कारण कोणास सांगितलें नाहीं. दिग्दर्शकास आकाशाचें महत्त्व वगैरे कांहीं तरी सांगितलें.

प्रयोग झाला. राखेच्या पट्ट्यावर थोडी कुजबुज झाली, हिरवा आला तशी ती थांबली. ती मुलगी उठली, रेशमाकडे वळली, आणि निरोपाचे ते दोन शब्द बोलली. पाठीमागून ते अगदीं हळू आले, पण आले. दोरा ओढणारा मुलगा मागाहून म्हणाला, कीं त्याचा श्वासच अडकला होता, त्यामुळें रेशीमहि क्षणभर थांबलें. आम्हांस तें दिसलें होतें, आणि तें मुद्दाम केलें असावें असा आमचा समज झाला होता. झोत उसळले, विरले, तारे तेवढे उरले. टाळ्या पडल्या त्या पडदा पडल्यावर.

मुलीची आई प्रयोगास नव्हती. ती परिचारिका आहे आणि तिला त्या रात्रीं पाळी होती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती मुलीबरोबर नाट्यगृहावर आली, तेव्हां काका दिवे उतरविण्याच्या तयारींत होते. तिनें कांहीं विचारलें नाहीं. रेशमाकडे नुसती पाहत उभी राहिली. काकांनीं शिडीवरच्या मुलाला खालीं बोलाविलें, दारें लावून घेतलीं, पुढच्या रांगेंतील दोन खुर्च्या पुसल्या आणि कळीवर जाऊन बसले. आम्ही बाहेर व्हरांड्यांत थांबलों. तो उजेड प्रयोगांत साडेचार मिनिटांचा होता. त्या दुपारीं बराच अधिक वेळ चालला. मग दारें उघडलीं, मायलेकी निघून गेल्या, आणि काकांनीं रेशीम उतरवून त्याची घडी घातली.